आडव्या बाटलीची सासू

आमच्या माडीवरच्या दोन खोल्या बघायला बाई आल्या, तेव्हा त्यांनी भाडं विचारलं नाही, पाणी कधी येतं ते विचारलं नाही. त्यांनी अव्वाला विचारलं, "वरचा आवाज खाली ऐकू येतो का?"

अव्वा म्हणजे माझी आई. आम्ही कानडी-मराठी मिसळून बोलणारे लिंगायत, वडिलांची, म्हणजे अप्पांची, कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाची अडत. अव्वाला वाटलं, या बाईला वर काहीतरी असं करायचंय जे खाली कळता कामा नये. तिनं सावधपणे सांगितलं, "येतोय की. सगळा येतोय."

"मग बरं," बाई म्हणाल्या. "मला काही झालं तर तुम्हाला कळेल."

त्या गेल्यावर अव्वा म्हणाली, "हिला काय हुणार? कुणाचं काय तरी वाईट केलीया ही, म्हणून भ्यालीया." तरी खोल्या त्यांनाच मिळाल्या. अप्पांनी खासबागेतल्या थिएटरात त्यांचं एक नाटक पाहिलं होतं आणि त्यातली त्यांनी केलेली विधवा अप्पांच्या डोक्यातून जात नव्हती. हे कारण ऐकून अव्वाचा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

हे नव्वदच्या दशकातलं. मी तेव्हा नुकती हायस्कुलात शिकवायला लागले होते. बाई पंचेचाळिशीच्या असाव्यात. असाव्यात एवढंच म्हणता येतं, कारण त्यांच्याबद्दल नक्की असं कुणालाच काही ठाऊक नव्हतं. मला त्यांनी सांगितलं होतं की त्यांची आई निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होती. अप्पांना सांगितलं, वडील खेड्यात मास्तर होते. एका वार्ताहराला सांगितलं, मी अनाथाश्रमात वाढले. वार्ताहर आला तेव्हा चहा घेऊन मीच वर गेले होते. तिन्ही वेळा त्यांचे डोळे अगदी सारखेच भरून आले होते.

मी एकदा धीर करून विचारलं, "बाई, यातलं खरं कुठलं?"

"तुला कुठलं पाहिजे?" त्या म्हणाल्या. "आणि कशाला पाहिजे, ते आधी सांग."

त्यांचा जगावर विश्वासच नव्हता. कुणाच्याही घरी चहा आला की त्या आपला कप यजमानापुढं सरकवायच्या आणि त्याचा स्वतः उचलायच्या. हसत, गप्पा मारत, हात इतका सहज फिरायचा की निम्म्या लोकांना कळायचंही नाही. कुठल्याशा दौऱ्यात सहकलाकारानं चहातून शेंदूर घालून त्यांचा आवाज घालवला होता म्हणे. त्याच दौऱ्यातल्या एका वयस्कर नटाला मी पुढं विचारलं, तर तो म्हणाला, "कुठला शेंदूर! सर्दी झालती तिला. पंख्याखाली झोपायची."

फोन आमच्या खालच्या खोलीत होता. त्यांचा फोन आला की पहिली काही मिनिटं त्या रिसिव्हरमध्ये जुन्या पौराणिक नाटकातली स्वगतं म्हणायच्या. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत राहायचा. चोरून ऐकणारा कंटाळून निघून जातो, अशी त्यांची समजूत होती. अव्वा म्हणायची, "हिचं कोण ऐकतंय गं चोरून? मी ऐकतो तेवढंच." आणि ती खरोखर ऐकायची. स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून.

माणूस भेटला की त्या त्याच्या तोंडाकडं बघायच्याच नाहीत. हातांकडं बघायच्या. "तोंडाला तालीम देता येते," म्हणायच्या, "हातांना द्यायला आम्हा नटांनाही वीस वर्षं लागतात. साध्या माणसाला कुठनं जमणार?" त्यामुळं आमच्या घरात सगळ्यांना त्यांच्यासमोर हात कुठं ठेवायचे हा प्रश्न पडायचा. अप्पा तर ते सरळ पाठीमागं बांधून उभे राहायचे.

नाटकं कमी होत चालली होती आणि मोर्चे वाढत होते. हुंडा, रेशन, पाणी, कुणाच्या नवऱ्यानं कुणाला घराबाहेर काढलं, कुठल्याही गोष्टीसाठी बायका आमच्या जिन्यावर बसलेल्या असायच्या. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्याची गाडी पाळीवर येणाऱ्या बायकांना हमरस्त्यालाच उतरवून जायची. तिथून आत अंधारातून चालत जायचं. एका मुलीला वाटेत कुणीतरी ओढायला बघितलं. ती कशीबशी सुटली, पण त्यानंतर तिची वाचाच बसल्यासारखी झाली. बाईंनी तो प्रश्न हातात घेतला.

मोर्चाच्या आदल्या संध्याकाळी मी वह्या तपासत खाली बसले होते. वरून रडण्याचा आवाज आला. मी दचकून जिन्यापर्यंत गेले, तेवढ्यात तो थांबला. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला, या वेळी जरा खालच्या पट्टीत. मग पुन्हा, आणि शेवटचा हुंदका आता तोडलेला. दुसऱ्या दिवशी कचेरीपुढं भर उन्हात बाई बोलता बोलता रडल्या. तेच रडणं होतं, खालच्या पट्टीतलं, शेवटी तोडलेलं. माझ्या शेजारच्या बायकांनी पदर डोळ्याला लावले. माझ्या अंगावर मात्र काटा आला, आणि तो दुःखाचा नव्हता.

घरी आल्यावर मी विचारलंच. "काल तुम्ही रडायची तालीम केलीत?"

"मग?" त्या म्हणाल्या. "समोर एवढा मोठा साहेब आणि मी कच्चं रडू?"

"पण ते खोटं झालं ना."

"जिच्यावर आलं तिला रडता येत नाही, बघितलंस ना तू? बसून आहे नुसती. तिचं मी रडले. दुसऱ्याचं काम अंगावर घेतलं तर ते नीट करायला नको?"

कारखान्याची गाडी फाटकापर्यंत जायला लागली. पण मी त्या दिवसापासून बाईंकडं वेगळ्या नजरेनं बघू लागले. त्या हसल्या, चिडल्या, गहिवरल्या की मनात पहिला प्रश्न यायचा, याची तालीम झाली असेल का?

मग दोन हजारच्या आसपास त्यांना टीव्हीवर मालिका मिळाली. महिन्यातले दहा-बारा दिवस त्या मुंबईला असायच्या. मालिकेत त्या सासू होत्या, आणि सासू म्हणजे अशी की सुनेला घराबाहेर काढण्यासाठी ती काहीही करेल. कपाळभर आडवं कुंकू, नथ, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि एक भुवई वर चढवून बघायची ती नजर. घराघरात दिवेलागणीला लोक त्यांना शिव्या द्यायला जमायचे. मंडईत एका भाजीवालीनं त्यांना कोथिंबीर द्यायचं नाकारलं. "सुनंला छळतीस आणि माझ्याकडनं कोथमिर नेतीस व्हय? जा फुडं." बाई खूश झाल्या. घरी येऊन अव्वाला म्हणाल्या, "बघा, काम चांगलं चाललंय."

त्याच सुमाराला चिक्कव्वा आली.

चिक्कव्वा म्हणजे अव्वाची धाकटी बहीण, माझी मावशी. नेसरीच्या पुढं एका खेड्यात दिलेली, नवरा वारलेला, थोडी शेती, दोन म्हशी आणि थोरला मुलगा. आमच्याकडं मद्याला शिवणं म्हणजे कूळ बुडवणं, आणि तिचा हा मुलगा गावातल्या देशी दारूच्या दुकानात पडून असायचा. आधी संध्याकाळी, मग दुपारपासून. गळ्यातलं इष्टलिंग त्यानं काढून देव्हाऱ्यात ठेवलं होतं. "पिऊन अंगावर कसं ठिवू म्हणतोय," चिक्कव्वा म्हणाली. "एवढी तरी अक्कल राहिलीया."

सरकारी नियम असा होता की गावातल्या बायकांनी मागणी केली तर फक्त बायकांचं मतदान घ्यायचं. कागदावर दोन बाटल्या छापलेल्या, एक उभी, एक आडवी. मतदारयादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. चिक्कव्वानं दारोदार फिरून मागणीच्या सह्या गोळा केल्या होत्या. आता मतदान लागलं होतं आणि तिची झोप उडाली होती. दुकानदार गावातला बडा माणूस. पांढरे कपडे, बोलायला गोड, दोन्ही हात कायम जोडलेले. त्याच्या बायकोनं हळदीकुंकू करून प्रत्येकीला स्टीलचा डबा वाटला होता. शिवाय गावाची सगळी खालची गल्ली त्याच्या भाऊबंदांची. तिथल्या बायका उभ्या बाटलीच्याच, हे ठरलेलं. त्यांच्याशिवाय निम्म्यावर जाणं अवघड होतं.

"आणि हरलो तर?" अव्वानं विचारलं.

"हरलो तर मला त्या गावात ऱ्हायचं हाय की," चिक्कव्वा म्हणाली. "माझ्या ऊसाला पाणी कोण दील? वाट कोण दील?"

मीच तिला माडीवर नेलं. बाईंनी आधी तिचे हात बघितले, मग विचारलं, "तुम्हाला कुणी पाठवलं?" चिक्कव्वा गोंधळून म्हणाली, "कोण पाठिवणार? माझं मीच आलो." बाईंनी पिशवी भरायला घेतली.

गावात बिरदेवाच्या देवळापुढं सभा झाली. बायका जमल्या होत्या खच्चून, पण बाई उठून उभ्या राहिल्या तशी कुजबुज सुरू झाली. पुढं बसलेली एक म्हातारी बोट नाचवत ओरडली, "ए, हीच ती! परवा त्या पोरीच्या दुधात काय तरी मिसळली ही!" सगळीकडून आवाज उठला. "लाज न्हाय वाटत व्हय गं?" "आमाला काय शिकिवतीस?" चिक्कव्वाचा चेहरा उतरला. मी मनात म्हटलं, झालं.

बाईंनी ते नाटक असतं वगैरे काहीही सांगितलं नाही. त्यांनी पदर खांद्यावर घट्ट ओढला, एक भुवई वर नेली आणि त्या सासूच्या आवाजात विचारलं, "कोण बोललं?"

सभा चिडीचूप. मागं कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं.

मग आपल्या आवाजात, साध्या बोलीत, त्या म्हणाल्या, "भ्यालासा न्हवं? तुम्ही भ्यालासा तर तुमचे नवरेबी भितील. मला दुकानापुढं एक खुर्ची टाकून द्या."

दुसऱ्या दिवसापासून बाई मालिकेतल्या वेषात दुकानासमोरच्या चिंचेखाली खुर्ची टाकून बसल्या. काठापदराची साडी, कुंकू, नथ, किल्ल्या. घोषणा नाही, भाषण नाही. नुसतं बघायचं. मी शाळेला रजा टाकून गेले होते आणि हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय. एक धट्टाकट्टा माणूस लांबून झुलत आला, खुर्ची बघितली आणि जागच्या जागी थिजला.

"या की पावणं," बाई म्हणाल्या. "काय पाहिजे?"

"न्हाय... ते... काडेपेटी न्यायला आलतो."

"दारूच्या दुकानात काडेपेटी मिळती व्हय?"

तो माघारी फिरला. पलीकडच्या कट्ट्यावर बसलेल्या बायका पोट धरधरून हसल्या. तीन दिवस असंच चाललं. काही निर्ढावलेले जायचे, पण बहुतेकांना ती भुवई सोसवायची नाही. त्यांच्या आया आणि बायका रोज संध्याकाळी त्या भुवईला घाबरलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी माझा मावसभाऊ आला. चिक्कव्वा कट्ट्यावरच होती, तिनं मान खाली घातली. मला वाटलं, आता बाई त्याचं पाणी पाणी करणार. बाईंनी भुवई वर नेली नाही. त्या नुसत्या म्हणाल्या, "आई जेवली का रे तुझी?" त्यानं कट्ट्याकडं बघितलं आणि तो घराकडं वळला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की या बाईवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

तो विश्वास एक दिवस टिकला.

दुसऱ्या दिवशी दुकानदार स्वतः आला. हात जोडून म्हणाला, "आमच्या आईला तुमच्या पाया पडायचं हाय. रोज बघती तुम्हाला. गुडघ्यानं अधू हाय, न्हायतर तीच आली असती." चिक्कव्वानं बाईंच्या कानाशी लागून सांगितलं, "जाऊ नका. हे त्याचं जाळं हाय." बाई खुर्चीवरून उठल्या आणि त्याच्या मागोमाग चालू लागल्या.

बराच वेळ त्या आल्या नाहीत. बायका कट्ट्यावर ताटकळत बसल्या. दुकानदार मात्र लगेच परत येऊन आपल्या गल्ल्यावर बसला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "बाई आमच्या घरात बसल्यात. आईसंगं चहा पिऊन ऱ्हायल्यात." बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. कोरी पाटी. आणि पदरात ओटी होती. दुकानदाराच्या घरची ओटी, भर गावातून.

"काय झालं?" चिक्कव्वानं विचारलं.

"म्हातारीनं ओटी भरली."

"आणि?"

"मला उद्या मुंबईला जायला पाहिजे. शूटिंग आहे."

मतदान चार दिवसांवर आलं होतं. चिक्कव्वा त्यांच्यापुढं आडवी झाली. "बाई, तुम्ही गेलासा तर आम्ही मेलो." बाईंनी तिचा हात बाजूला केला आणि सकाळच्या एसटीनं निघून गेल्या. मागं रिकामी खुर्ची राहिली, आणि दुपारपर्यंत दुकानात पुन्हा गर्दी.

गावात बोभाटा झाला की बाईला विकत घेतली. कुणी म्हणालं, दुकानदाराचा मेहुणा सिनेमा काढतोय, त्यात हिला काम मिळालंय. मी कोल्हापूरला येऊन त्यांच्या मालिकेतल्या एका नटाला फोन लावला. तो इथलाच होता. तो म्हणाला, "या आठवड्यात शूटिंग कुठाय? सगळ्यांना सुटी हाय की."

मी फोन ठेवला आणि अव्वाला सांगितलं. अव्वा म्हणाली, "मी पहिल्या दिवशीच वळखलोतो."

मतदानाच्या दिवशी मी गावात होते. शाळेच्या पटांगणात बायकांची रांग होती आणि चिक्कव्वा फाटकापासून ठरलेल्या अंतरावर उभी राहून येणाऱ्या प्रत्येकीकडं नुसती बघत होती. वरच्या गल्लीतल्या बायका आल्या, मागासवाडीतल्या आल्या. दुपार कलली आणि खालच्या गल्लीतून एक टेम्पो आला. त्यात पुढं, ड्रायव्हरशेजारी, दुकानदाराची म्हातारी आई. मागं तिच्या भावकीतल्या झाडून सगळ्या बायका, डोक्यावर पदर, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. दुकानदारानं हसून त्यांना हात जोडले. म्हातारीला दोघींनी उचलून आत नेलं. चिक्कव्वा मटकन खाली बसली. "संपलं गं," ती म्हणाली. "सगळी गल्ली आणलाय त्यानं."

संध्याकाळी मोजणी झाली. आडवी बाटली जिंकली होती. निम्म्याच्या वर, थोडक्यात, पण वर.

त्या संध्याकाळी बायकांनी गुलाल उधळला आणि चिक्कव्वा इतकी नाचली की दुसऱ्या दिवशी तिला उठता येईना. हे कसं झालं याचा विचार करायला कुणाला सवड नव्हती. दुकानदाराला मात्र होती. तो म्हणे आठवडाभर घरोघर विचारत फिरत होता, कोण फुटलं म्हणून. वरच्या गल्लीत डबे घेतलेल्या बायकांवर त्याचा संशय होता. आपल्या घरावर कोण संशय घेतो?

पंधरा दिवसांनी बाई माडीवर परत आल्या. मी वर गेले, बसलेही नाही.

"शूटिंग नव्हतं," मी म्हटलं.

"नव्हतं."

"मग का गेलात?"

"गावानं बाटली आडवी केली ना? मग झालं."

"त्या ओटीत काय होतं?"

"खण, नारळ, तांदूळ."

"आणि?"

"आणि हळकुंड." त्या माझ्याकडं बघत होत्या. "संशय घेतेस? घे. मी तुझ्या जागी असते तर आतापर्यंत या खोलीची झडती घेतली असती."

राग, लाज, ओशाळलेपण, यांतलं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर दिसेल म्हणून मी शोधत होते. काही सापडलं नाही. पुढच्या वर्षी त्या एका सिनेमात दिसल्या, आईच्या कामात. मी निर्मात्याचं नाव मुद्दाम वाचलं. ओळखीचं नव्हतं. पण मेहुण्याचं नाव तरी मला कुठं माहीत होतं?

त्यानंतर दोनेक वर्षांनी एका वाहिनीनं त्यांची मुलाखत दाखवली. चिक्कव्वा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडं आली होती. हिरवी पट्टी बांधलेल्या डोळ्यानं ती टीव्हीसमोर बसली होती. बाई सांगत होत्या, "मतदानाच्या आदल्या रात्री मी गुपचूप गावात आले. प्रत्येक बाईच्या पाया पडले. ज्या तयार नव्हत्या, त्यांच्या दारात तर मी आडवी पडले. म्हटलं, मला तुडवून जा." आणि त्या रडल्या.

चिक्कव्वानं दारातली चप्पल उचलून आणली. "ही तिथं न्हवतीच की गं! खोटारडी! आमचं कष्ट आणि हिचं नाव!"

मी तशीच जिना चढून गेले. बाई भाकरी खात होत्या.

"तुम्ही खोटं बोललात."

"हो."

"का?"

"लोकांना एक कारण लागतं," त्या म्हणाल्या. "नाही मिळालं तर शोधत बसतात. आता शोधणार नाहीत." आणि भाकरीचा तुकडा मोडला.

मला वाटलं, प्रसिद्धीची हाव आहे आणि त्याला हे तत्त्वज्ञान. चळवळीतल्या इतर लोकांनाही तसंच वाटलं. हळूहळू त्यांना सभांना बोलावणं कमी झालं. जिन्यावरच्या बायका मात्र यायच्या.

मग ती म्हातारी गेली. दुकानदाराची आई. चिक्कव्वाबरोबर मीही भेटायला गेले, गावच्या रीतीप्रमाणे. बायकांच्या घोळक्यात बसलेली त्या घरची धाकटी सून मला खूण करून परसात घेऊन गेली. ही विधवा. तिचा नवरा, म्हणजे दुकानदाराचा धाकटा भाऊ, हार्टनं गेला असं सगळं गाव समजत होतं.

"हार्ट न्हवं," ती म्हणाली. "पिऊन गेलं. भावाच्याच दुकानात. रक्ताची उलटी झाली. भाऊजींनी सांगितलं, बाहेर बोलायचं न्हाय, धंदा बुडल. आत्तींनी पोटात ठिवलं."

आत्ती म्हणजे तिची सासू. त्या दिवशी बाई घरात आल्या तेव्हा चहा हिनंच केला होता. बाई काही बोलल्याच नाहीत, म्हणाली. म्हातारीच बोलत होती. पहिल्यांदाच कुणापुढं तरी मुलगा कसा गेला ते सांगत होती. शेवटी तिनं विचारलं, "मी काय करू?" बाई म्हणाल्या, "मी सांगणार नाही. मी उद्या इथनं जाते. मी इथं असले तर तुम्ही माझ्या नादी लागून केलं म्हणतील आणि तुमचा लेक तुम्हाला घरात ठेवणार नाही." मग म्हातारीनं जोतिबाच्या गुलालावर बाईंचा हात ठेवून वचन घेतलं, कुणाला सांगायचं नाही. मतदानाच्या दिवशी टेम्पो मुलाकडूनच मागवला आणि गल्लीतल्या बायकांना आदल्या दुपारी हरभरे निवडायला म्हणून बोलावून काय सांगायचं ते सांगितलं.

"चहाचं तेवढं लक्षात हाय," ती म्हणाली. "बाई सरळ घटाघटा प्याल्या. समोर ठिवलेलाच कप."

कोल्हापूरला आल्यावर मी थेट माडीवर गेले. बाई आता थकल्या होत्या, मालिका केव्हाच संपली होती. मी म्हटलं, "मला कळलं. त्या घरात काय झालं ते."

"काय झालं?"

मी सांगायला लागले. त्यांनी हात वर करून थांबवलं. "असलं काही झालेलं नाही. मी ओटी घेतली आणि आले."

"बाई, म्हातारी गेली आता. वचन संपलं."

"म्हातारी गेली. सून आहे अजून त्याच घरात." मग त्यांचा आवाज एकदम धारदार झाला. "तुला हे कुणी सांगितलं?"

उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. "कुणी नाही. माझा अंदाज."

त्यांनी माझ्या हातांकडं बघितलं. "मग अंदाजच राहू दे," म्हणाल्या. "कुणाला सांगू नकोस. मावशीलाही नाही. बायका आनंदानं बोलतात आणि तिथंच घात होतो."

मी नाही सांगितलं. अव्वाला नाही, चिक्कव्वाला नाही. खरं सांगायचं तर बाईंच्या बाबतीत मला पुरती खात्री तेव्हाही वाटली नव्हती. सुनेनं सांगितलं ते खरं असणार. पण पडद्यावर रडताना त्यांना थोडी मजाही आली असेल, सगळं श्रेय आपल्याकडं घेताना बरंही वाटलं असेल, असं मला आजही वाटतं. दोन्ही एका माणसात असू शकतं.

बाई गेल्या त्या आमच्या माडीवरच. सकाळी चहा घेऊन गेलेल्या अव्वाला कळलं. वर काही आवाज झाला नव्हता. अव्वा सारखी तेच म्हणत राहिली, "मी ऐकत असतो की कायम. काय आवाज आला न्हाय."

पुढं ती धाकटी सून घर सोडून गडहिंग्लजला लेकीकडं राहायला गेली. तिनंच निरोप धाडला, आता सांगितलं तरी चालेल. मी चिक्कव्वाच्या गावी गेले. ती गोठ्यापुढं बसून शेंगा फोडत होती. माझा मावसभाऊ ट्रॅक्टर घेऊन रानात गेला होता. दुकान बंद झाल्यावर तो काही दिवस दुसऱ्या गावाला जायचा, मग ते अंतर त्याला जड झालं, आणि मग हळूहळू सुटली. चिक्कव्वाला मी सगळं सांगितलं. ती शेंगा फोडायची थांबली.

"मग मी तिला एवढ्या शिव्या घातलो, त्या?"

"त्यांना चालत होतं ते," मी म्हटलं. "त्यांना तसंच पाहिजे होतं."

चिक्कव्वानं मांडीवरची टरफलं झटकली. मग म्हणाली, "ती आलती इथं एकदा. तुला म्हाईत न्हाय."

"कधी?"

"मतदान झाल्यावर, चार-पाच म्हैन्यांनी. एकटीच. एसटीनं. अशी दारात हुबी ऱ्हायली. मी घरात घेतलो न्हाय. उन्हाचं दिवस, घामानं भिजलीती. पाणीबी इचारलो न्हाय मी."

"काय म्हणाल्या?"

"काय न्हाय. पोरगं कसं हाय म्हणून इचारली. बरं हाय म्हटलो. गेली."